दोन्हीकाका आणि वरचा जिना

खरं नाव त्यांना होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. इमारतीत सगळे त्यांना दोन्हीकाका म्हणायचे, आणि ते त्यांनी स्वतःच्या कष्टाने कमावलेलं होतं. जिन्यातल्या खिडकीवरून एकदा दोन बिऱ्हाडांची जुंपली. एकाला ती उघडी हवी, दुसऱ्याला बंद. सेक्रेटरी या नात्याने काकांनी निवाडा केला: एक झडप उघडी, एक बंद. दोन्ही घरांत सर्दी झाली. "पण न्याय झाला," काका म्हणाले, आणि रुमालाने स्वतःचंही नाक पुसलं.

त्यांचं आयुष्य टपाल खात्यात गेलं होतं, पत्रं वेगळी करायच्या टेबलाशी. समोर भिंतभर खण, हातात गठ्ठा. पत्ता बघायचा आणि पाकीट खणात टाकायचं. आत शिवी आहे की लग्नपत्रिका, ते आपलं काम नाही. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवाला किंवा बायकोला त्रास देतात, काका जाडजूड पुस्तकांकडे वळले. माणसाचं स्वातंत्र्य, राज्याची मर्यादा, असलं काहीतरी वाचायचे आणि खालच्या औषधवाल्याला ऐकवायचे. त्यातली दोन वाक्यं त्यांच्या मनात पक्की बसली होती. एक, प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे. दुसरं, प्रत्येक समाजाला आपल्या रीतीने जगायचा हक्क आहे. ही दोन वाक्यं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहायची, पण एकमेकांच्या घरी कधी जायची नाहीत.

मग शिंप्याच्या मुलीने त्यांची बेल वाजवली.

शिंप्याचं कुटुंब सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणून त्यांचं नाव 'वरचे'. त्यांचा पंथ वेगळा होता. शांत माणसं, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची, जिना घाण करायची नाहीत. त्यांची एक रीत होती. मूल कळतं झालं की पंथाच्या वडीलधाऱ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, 'मी तुमच्यातला' किंवा 'मी तुमच्यातली'. एवढंच. शिंप्याची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मला थोडा विचार करू द्या."

नाही म्हणाली नाही ती. पण त्या रीतीत विचार करायला जागाच ठेवलेली नव्हती. तिला पाठ दिली गेली.

पाठ देणं म्हणजे मारहाण नाही, शिव्या नाहीत, घराबाहेर काढणंसुद्धा नाही. फक्त त्या क्षणापासून ते माणूस नाही. ताट मांडलं जात नाही, हाक मारली जात नाही, नाव घेतलं जात नाही. मुलगी आठवडाभर त्याच घरात राहिली. सकाळी आई केर काढायची तेव्हा झाडू तिच्या पायांना बरोबर वळसा घालून पुढे जायचा.

"एकदा तरी पायाला लागला असता ना काका, तरी बरं वाटलं असतं," ती म्हणाली.

ती एका दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. वरती, लिफ्टच्या मशीनच्या खोलीला लागून एक रिकामी खोली होती, तिला ती भाड्याने हवी होती. काकांनी कमिटी बोलावली आणि छाती काढून सांगितलं, "तिला राहायचा हक्क आहे, आणि त्यांना न बघायचा हक्क आहे. आपण दोन्ही हक्क राखायचे."

काकू आतून चहा घेऊन आल्या. "दोन घरचा पाहुणा उपाशी," त्या म्हणाल्या.

"अगं, पाहुणा कोण इथे?"

"तेच कळेल आता."

खोली दिली गेली. ती शिंप्याच्या घराच्या नेमकी डोक्यावर होती. वरच्या मजल्यावरून एक अरुंद जिना तिथे जायचा, खाली सरकती जाळी, वर छोटीशी मोकळी जागा. तिथे एका बाजूला मुलीचं दार, दुसऱ्या बाजूला गच्चीचं. खोलीची एकुलती एक खिडकी पाण्याच्या टाकीकडे उघडायची, त्यामुळे उजेड यायचा तोही टाकीला विचारून.

पहिल्याच आठवड्यात काकांनी ती गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मुलगी कामावरून येऊन जिना चढत होती, आई पिशवी घेऊन उतरत होती. वळणावर समोरासमोर आल्या. आई थांबली, भिंतीकडे वळली आणि रंगाचा एक पोपडा नखाने तपासू लागली. मुलीची पावलं वर जाईपर्यंत ती पोपडाच बघत होती. मग वळली, काकांना नमस्कार केला, पाऊस येईल का असं विचारलं, आणि उतरून गेली.

बापाचं त्याहून वेगळं. तो भिंतीकडे वळायचा नाही. सरळ यायचा, आणि मुलगी उभी असेल तिथे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून पुढे जायचा. शिंपीच तो, मापात कधी चुकला नाही. लिफ्टमध्ये तर ते कुटुंब कोपऱ्यातली जागा मोकळी ठेवून उभं राहायचं, ती लिफ्टमध्ये नसतानासुद्धा.

"अंगावर काटा येतो हो," औषधवाला म्हणाला. "त्या कोपऱ्यात उभं राहायला मला नको वाटतं. कुणाच्या तरी पायावर पाय पडेल असं वाटतं."

"त्यांची रीत आहे," काका म्हणाले.

"आणि तिचं काय?"

"तिला तिचं स्वातंत्र्य आहे."

"वा," औषधवाला म्हणाला. "म्हणजे दोघांनाही सर्दी."

थोड्या दिवसांनी शिंपी काकांकडे आला. खुर्चीच्या काठावर बसला, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान काढायचं विसरला होता. "आमच्यासमोर तुम्ही लोक तिकडे बोलता," तो म्हणाला. 'तिच्याशी' म्हणाला नाही. "आम्हाला कसं होतं सांगू? घरातलं कुणी गेलंय, आणि शेजारी येऊन त्याच्या रिकाम्या खाटेशी गप्पा मारतायत. तुमचं चुकत नाही. तुम्हाला आमची रीत माहीत नाही. फक्त आम्ही असताना नका बोलू."

माणूस रडत नव्हता, पण अंगुस्तान खुर्चीच्या दांड्यावर टकटक वाजत होतं. काकांना ते बघवलं नाही. त्यांनी शब्द दिला, आणि सगळ्या बिऱ्हाडांना समजावलं: वरचे समोर असतील तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही, ते नसतील तेव्हा खुशाल बोला. त्यांच्या भावनांचा मान, तिचाही मान.

हे मुलीलाही सांगायला तेच गेले. तिने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी आहे की नाही, ते जिन्यात कोण उभं आहे त्यावर ठरणार?"

"तसं नाही गं पोरी. थोडं सांभाळून घ्यायचं."

"कुणी कुणाला?" ती म्हणाली. काका जिना उतरायला लागले.

आता जिना म्हटला की वळणं आलीच. वळणापलीकडे वरच्यांपैकी कुणी आहे की नाही, ते कसं कळणार? लोकांनी सोय पाहिली. तिला बघून हसायचे ते नुसती मान हलवू लागले. मान हलवायचे ते चप्पल शोधू लागले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, उलट प्रत्येकजण सभ्यपणाच करत होता. पण रोज केलेला सभ्यपणा हाताला बसतो, टपालातल्या खणांसारखा. पुढे पुढे बघावंही लागत नाही.

एका रविवारी ती काकूंकडे वर्तमानपत्र मागायला आली आणि बसली. काकू चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते.

काकू ट्रेकडे बघत उभ्या राहिल्या. "मी तीन कप ठेवले होते," त्या म्हणाल्या. "अहो, मी तीन ठेवले होते ना?"

"राहू दे काकू, मला नको आहे," मुलगी म्हणाली. त्यावर काकूंनी आत जाऊन तिसरा कप आणायला हवा होता. पण त्या ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या, आणि मुलगी कधी उठून गेली ते दोघांनाही कळलं नाही. वर्तमानपत्र मात्र तिथेच होतं.

पुढे औषधवाल्याने लिफ्टचं दार तिच्या तोंडावर ओढून घेतलं, आणि नंतर शपथेवर सांगितलं की बाहेर कुणी नव्हतं. दुधाची पिशवी वरच्या जिन्यापर्यंत जायची बंद झाली. कुणी बंद केली विचाराल, तर कुणीच नाही. मुलगी रात्री खोलीत स्वतःशी मोठ्याने बोलते असं कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्याने विचारलं, "कोण?"

पावसाळा तोंडावर आला आणि वळवाच्या सरींतच गच्ची गळायला लागली. मीटिंग भरली. गच्चीवर डांबर ओतायचं, ते वाळेपर्यंत वरच्या जिन्याची जाळी कुलूप लावून बंद, आणि मजुरांना शॉक बसू नये म्हणून त्या भागाची वीजही बंद. काकांनी ठराव वाचला. मागच्या रांगेत एक हात वर झाला.

काकांना तो दिसला. हे नीट सांगायला हवं, कारण नंतर त्यांनी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. हात दिसला, बारीक मनगटाचा. आणि त्याच रांगेत, एक खुर्ची सोडून, शिंपी आणि त्याची बायको बसलेले दिसले. शिंप्याला दिलेला शब्द आठवला. नंतर वर जाऊन तिला विचारू, असं ते मनात म्हणाले आणि नजर पुढच्या रांगेवर आणली.

"मी राहते तिथे," मागून आवाज आला.

शेजारच्या बाईंनी वर पंख्याकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं.

"कुणाची हरकत नाही," काका म्हणाले. "ठराव मंजूर."

रविवारी सकाळी मजूर आले. डांबर उकळलं, गच्चीवर पसरलं, दुपारच्या आत पिंपं घेऊन निघून गेले. काकांनी वर जाऊन गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. उतरून जाळी ओढली. जाळीचं कुलूप हातात घेतलं आणि थांबले. काहीतरी राहिलंय. गॅस चालू राहिलाय असं वाटतं ना, तसं. त्यांनी खिसे चाचपले. चष्मा होता, किल्ल्या होत्या, रुमाल होता. वर खोलीच्या बंद दाराकडेसुद्धा पाहिलं. सुट्टीचा दिवस, दाराआड कुणीतरी उशिरापर्यंत झोपलं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. दार त्यांना भिंतीसारखं दिसलं. त्यांनी कुलूप लावलं.

दुपारी जाळी वाजायला लागली.

आधी हळू, मग खडखडाट. सगळ्यांनी ऐकला, आणि प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. औषधवाला म्हणाला, लिफ्टचं मशीन. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, डांबर तापलं की पत्रा वाजतो. काकू भाजी चिरता चिरता थांबल्या. "अहो, कुणी ओरडतंय का?"

"पाइपात हवा," काका म्हणाले. पुस्तकातून डोकंसुद्धा वर केलं नाही. काय वाचत होते ते विचारू नका. माणसाचं स्वातंत्र्यच वाचत होते.

संध्याकाळपर्यंत जाळी थांबून थांबून वाजत राहिली. मग आवाज बंद झाला, आणि कान हलके झाल्यासारखे सगळे जेवायला बसले. त्या रात्री इमारतीत डांबराचा वास भरून राहिला होता.

सोमवारी सकाळी काका दाढी करत होते तेव्हा बेल वाजली. दारात शिंप्याची बायको. ती काकांकडे बघत नव्हती. दाराच्या चौकटीकडे तोंड करून उभी होती, आणि चौकटीवरून बोट फिरवत होती.

"आमच्या घरावर कुणी राहत नाही," ती म्हणाली.

काकांच्या गालावर फेस होता. "काय म्हणता वहिनी?"

"कुणी राहत नाही. रोज सकाळी ते कुणी-नाही उठतं, खिडकीपाशी जातं, बादली सरकवतं. डाव्या पायाने जरा जोरात चालतं, लहानपणी पडलं होतं." तिचं बोट चौकटीच्या कोपऱ्यात थांबलं. "काल दिवसभर ते जाळीपाशी होतं. रात्री वर गेलं, दारापर्यंत. मग बसल्याचा आवाज आला. त्यानंतर काहीच वाजलं नाही, भाऊजी. मी जागीच आहे."

काकांना आधी कळलं नाही. मग खिशातल्या किल्ल्यांचं वजन कळलं.

ते फेसासकट धावले. लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे बघायचंही सुचलं नाही. मागून शिंप्याची बायको येत होती, तिच्या चपलांचा आवाज बरोबर एका वळणाने मागे. वरच्या मजल्यावर शिंपी स्वतःच्या दारात उभा होता, हातात कापडाचा तुकडा, डोळे तुकड्यावर. कुलपाला किल्ली लागेना. जुडग्यातली एक लावली, दुसरी लावली. जाळीच्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने ओलसर बोटांचे ठसे वाळले होते. तळाच्या पायरीवर एक मोबाईल पडला होता, वीज नसल्याने बॅटरी संपून काळा झालेला.

जाळी सरकली. काका वर चढले. डांबराच्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. ती दाराला टेकून बसली होती, तोंडावर ओला करून बांधलेला ओढणीचा पदर आता कोरडा ठाक झालेला. डोळे मिटलेले.

काका वाकले. तिला हाक मारायला तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

त्यांनी शोधलं. आयुष्यभर ज्या माणसाने नुसत्या पत्त्यावरून माणसं ओळखली, तो सगळे खण धुंडाळत होता, आणि जिथे ते नाव असायला हवं तिथे रिकामा खण होता, पुसून लख्ख केलेला. "अगं," ते म्हणाले. "अगं पोरी. अगं..." ती हलली नाही. हाक तिला लागतच नव्हती.

खाली जाळीबाहेर तिची आई पाठ करून उभी होती. समोर नुसती भिंत. त्या भिंतीला तिने एक नाव सांगितलं, हळू आवाजात, पोराला झोपेतून उठवताना घेतात तसं. शिंप्याच्या हातातला तुकडा खाली पडला. तो उचलायला वाकला नाही.

काकांनी ते नाव उचललं आणि मुलीच्या कानाशी म्हटलं. तिच्या पापण्या हलल्या.

औषधवाल्याने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डांबराच्या वाफा आणि पाणी नाही, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. दवाखान्याच्या बाकावर एक बाई दिवसभर खोलीकडे पाठ करून बसलेली असायची आणि मांडीवरच्या पिशवीला सांगायची, ताप उतरलाय म्हणे, दोन घास खाल्ले म्हणे.

काका त्या दिवसांत वाचत नव्हते. "ते लोक तिला बघत नाहीत," एकदा ते काकूंना म्हणाले, "पण ती कुठे आहे ते त्यांना पावलापावलाला माहीत असतं. नसलं तर वळसा कसा घालणार? आपण..."

"आपण वळसासुद्धा घातला नाही," काकू म्हणाल्या, आणि तीन कप काढून, पुसून, परत ठेवून दिले.

ती परत आली. खोली सोडली नाही, तिचा हक्कच होता तो. काकांनी ठरवलं होतं की आता जिन्यात कुणीही असो, मोठ्याने हाक मारायची. सकाळी ते वळणावर जाऊन थांबले. वरून शिंप्याची बायको उतरत होती. तिच्या मागून मुलीची पावलं आली, डावं जरा जोरात. आई थांबून भिंतीकडे वळली. मुलगी तिच्यामागून जाताना हळू झाली, अगदी थोडी, आणि आईच्या पाठीमागे एका माणसाची जागा सोडून पुढे आली.

काकांनी नावाने हाक मारली. स्पष्ट, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी. "बरी आहेस ना गं आता?"

ती चालत राहिली. राग नव्हता, तोंड फिरवणं नव्हतं. डोळे काकांच्या चेहऱ्यावरून गेले आणि मागच्या खिडकीवर टेकले. त्याच झडपांवर, एक उघडी, एक बंद. ती सरळ त्यांच्या अंगावर येत होती. वळसा घ्यायला ती बाजूला सरकलीच नाही. शेवटच्या क्षणी काकांनाच मागे सरून भिंतीला चिकटावं लागलं. तिच्या ओढणीचं टोक त्यांच्या हातावरून गेलं, आणि ती खालच्या वळणाला दिसेनाशी झाली.

काका तसेच उभे राहिले. आपण हाक खरंच मारली का, हे त्यांना आठवेना. घसा चाचपून पाहिला. कुणाला विचारावं म्हणून त्यांनी शेजारी बघितलं.

शिंप्याची बायको अजून भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने मान वळवली नाही. फक्त पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, आणि जरा सरकून त्यांना भिंतीपाशी जागा करून दिली.